खाली न बसलेलं रक्त

सावली, ४ डिसेंबर २०२४

दिव्यानी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फेकणार असशील तर आधी एवढी एक ओळ वाच. सीआरपी नावाची रक्ताची तपासणी असते, ती आजच्या आज करून घे. बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल.

वाचते आहेस म्हणजे फेकलं नाहीस. बरं.

तू मला फोनवर ब्लॉक करून अडीच वर्षं झाली, म्हणून हा पोस्टाचा मार्ग. विक्कीभाऊंवर रागावू नकोस, बायकोच्या काळजीपोटीच केलं त्यांनी. काल दुपारी त्यांनी प्लांटमधून फोन केला. मागे एवढा आवाज की अर्ध्या गोष्टी मला दोनदा विचाराव्या लागल्या. म्हणाले, "ताई, दिव्यानीची चप्पल पायातून निसटून जाते आन् तिले मालूमच नाई पडत. काल एक चप्पल जिन्यावर पडली, आन् हे एकाच चपलेनं घरात आली." मी विचारलं, पाठ कशी आहे? "पाठ तं दिवाळीच्या आंधीपासून दुखूनच राह्यली. तुमाले रिपोर्ट पाठवला होता नं."

हो, पाठवला होता, ऑक्टोबरात. हिमोग्लोबिन साडेआठ आणि ईएसआर, तो दाहाचा आकडा, आठ. त्याचं नंतर बोलू.

दोन महिने पाठ दुखते, संध्याकाळी अंग तापतं, वजन उतरलंय, आणि आता पायाला चप्पल कळत नाही. या चार गोष्टी मी लॅबमध्ये रोज दुसऱ्यांच्या कागदांवर वाचते, म्हणून सांगते. टीबी फक्त छातीत होत नाही, मणक्यातही होतो. तिथे पू साचला की पायांकडे जाणारी शीर दाबली जाते. तुला घाबरवत नाहीये असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, घाबरवतेच आहे. घाबर आणि तपासणी कर.

तू म्हणशील, ईएसआर तर नॉर्मल आहे, डॉक्टरांनी मसलचं दुखणं म्हटलंय, पट्टाही दिलाय. ईएसआरवर प्रत्येक वेळी विसंबता येत नाही. का ते विचारू नकोस, मोठी कथा आहे.

बाबांचं धान निघालं. आईने जवसाची चटणी कुटून ठेवली आहे आणि कुणाच्या हाती पाठवू म्हणून रोज मलाच विचारते, जशी काही मी तुमच्या ऊर्जानगरची बस चालवते.

तपासणी कर. आज.

नीलिमा

सावली, १० डिसेंबर

दिव्यानी,

पत्र मिळालं म्हणे. विक्कीभाऊंनी तुला हाताला धरून लॅबमध्ये नेलं, हे ऐकून मी त्यांना मनातल्या मनात शंभर नमस्कार केले. सीआरपी अठ्ठावन्न! सहाच्या आत हवा असतो. डॉक्टरांनी लगेच एमआरआय लिहून दिला. इथपर्यंत सगळं ठीक.

आणि मग तू म्हणालीस, "मी नाई करत. ऑक्टोबरात ताईनंच सांगितलं होतं का ईएसआर नॉर्मल हाय म्हून. आता पलटून काऊन राह्यली थे? तिले सवयच हाय, दुसऱ्याच्या रक्तात खोट पाहाची."

विक्कीभाऊंनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. गरीब माणूस आहे, मसाला लावणं त्यांना जमत नाही. मला राग यायला हवा होता, पण तुझं बरोबर आहे. ऑक्टोबरात मीच नॉर्मल म्हटलं होतं आणि आता मीच उलटं सांगते आहे. तेव्हा मी का पलटले, ते सांगायला हवं.

ईएसआर कसा काढतात ते आधी ऐक. बारीक काचेची नळी असते. तिच्यात रक्त भरून ती सरळ उभी करायची आणि एक तास हात लावायचा नाही. तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या ते मोजायचं. शरीरात कुठे दाह असला, जंतू असला, की गोल पेशी टोपलीतल्या भाकरींसारख्या एकीवर एक चढतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. आकडा वर जातो. मणक्याच्या टीबीत बहुतेकांचा वर जातो, कुणाचा साठ, कुणाचा नव्वद. त्यावरून टीबीच आहे असं म्हणता येत नाही. मणक्यातून सुईने नमुना काढून तपासतात तेव्हा ते नक्की होतं. पण आकडा वर दिसला की डॉक्टर पुढे शोधतात, आणि आठ दिसला की थांबतात. तुझे डॉक्टर थांबले. त्यांची चूक नाही.

आता मागच्या आठवड्यातल्या सोमवारचं ऐक. वैनगंगेच्या पलीकडून, जंगलातल्या एका गावातून, दसरू नावाचा माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. रंजीता तिचं नाव, बारा-तेरा वर्षांची. तिला ताप आणि खोकला होता. मी सुई काढली तर त्याने मला थांबवलं. बंडीच्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "पह्यले हे पाहा, बाई. मंग सुई लावा." सिकलसेलचं कार्ड होतं ते. मी बरं बरं म्हटलं, रक्त घेतलं, आणि कागदावर लिहिलेलं होतं म्हणून ईएसआरही लावला. तासाने पाहिलं तर चार.

आमच्या डॉक्टर रीना मॅडमनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला होता. न्यूमोनिया सरळ ऐकू येत होता. मॅडम माझ्यावर वैतागल्या. "अहो नीलिमा, कार्ड दाखवलंय ना त्यांनी? सिकलच्या रक्ताचा ईएसआर कशाला करता? सीआरपी लावा."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत मी. सिकलवाल्यांच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. वाकड्या भाकरी टोपलीत एकीवर एक बसतील का? नाही बसत. रक्त वरच तरंगत राहतं आणि आत कितीही आग लागलेली असो, आकडा लहानच येतो. सीआरपी पेशींच्या आकारावर अवलंबून नसतो, म्हणून तो खरं सांगतो.

मी ती नळी हातात धरून उभी होते. संघप्रिया, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती, म्हणाली, "काय झालं वो? भूत पाह्यलं काय?"

इथे थांबते, पेशंट आलेत.

खोटं बोलले. जेवणाची सुट्टी आहे, कुणी आलेलं नाही. पुढचं लिहायला हात होत नाहीये. एमआरआय कर गं. एकदा माझं ऐक आणि मग आयुष्यभर नको ऐकूस.

नीलिमा

सावली, १२ डिसेंबर

दिव्यानी,

परवाचं पत्र तुला अजून मिळालेलंही नसेल. विक्कीभाऊंचा सकाळी फोन होता. आता डावा पाय उचलून टाकावा लागतो म्हणाले. तू बाथरूमला भिंत धरून जातेस. एमआरआयचं नाव काढलं की तोंड फिरवतेस. मी लॅबमध्ये सकाळपासून तीन नळ्या वाकड्या लावल्या. संघप्रियाने मला स्टुलावरून उठवलं आणि बाहेर पाठवलं. आवारातल्या कडुनिंबाखाली बसून लिहिते आहे.

रंजीताच्या कार्डाचं मी तुला का सांगितलं, ते आता लिहिते.

तुला सिकल आहे. नुसती वाहक नाहीस, पूर्ण आहे. एसएस, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही आलेला.

२०१७ साली, तू अकरावीत असताना, कॉलेजात कॅम्प झाला होता. तुम्ही मुली बोटाला सुई टोचून घेताना किती ओरडलात ते तू मला घरी येऊन करून दाखवलं होतंस. तुझी पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणून मोठ्या तपासणीला नमुना गेला. मी तेव्हा इथेच शिकाऊ होते. तुझा रिपोर्ट बंद पाकिटात आला. वर तुझं नाव होतं, कुमारी दिव्यानी मुखरू. मी फोडला. मोठी बहीण, शिवाय लॅबवाली, मला कोण विचारणार होतं? कार्डही माझ्याच हातात दिलं, सही मी केली. आरोग्यसेविका घरी येणार होत्या, त्यांना म्हटलं, आम्ही नागपूरला दाखवतो आहोत. आपण नागपूरला गेलोच नाही.

बाबा खळ्यावर होते. त्यांना सांगितलं तर आधी ते मानेचनात. "थे जंगलातल्या लोकायले होते. आपल्याले कुठी होते?" मी कागद दाखवला. त्यांना वाचता येत नाही, तरी बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "कोनाले सांगू नोको. तिच्या मायले बी नाई. सिकलवाली पोट्टी कोन करीन? झाकली मूठ सव्वा लाखाची. मायी आन हाय तुले."

मी आण पाळली. मला वाटलं, मी आहे ना, मी पाहीन. रोजची ती पिवळी गोळी तुला ताकदीची म्हणून द्यायचे, ती त्याचीच होती. थंडीत तुझे गुडघे सुजायचे तेव्हा तुला बळजबरीने पाणी पाजायचे आणि तू म्हणायचीस, ताई, मी काय म्हैस आहे? डोळे पिवळे दिसले की मी म्हणायचे, बाहेरचं पाणी बाधलं तुला. एकेक खोटं किती काळजीने बोलले मी! स्वतःचं कौतुकही वाटायचं.

मग तुझं साक्षगंध. मी विक्कीभाऊंची रक्ततपासणी मागितली ते तुला आठवतच असेल. ते वाहक निघाले असते तर तुमच्या निम्म्या मुलांना हा आजार झाला असता. एवढंच मला पाहायचं होतं, पण का पाहायचं ते सांगता येत नव्हतं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या पोराच्या रक्तात काय खोट हाय?" सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. आणि तू उठून म्हणालीस, "तुयं लगन जमून नाई राह्यलं म्हून मायं मोडते काय?"

मी बाबांकडे पाहिलं. ते पाहुण्यांना पान देत होते.

आता सगळ्यात वाईट. ऑक्टोबरात तुझा रिपोर्ट विक्कीभाऊंनी पाठवला तेव्हा मी डबा खात होते. एका हाताने लिहिलं, "ईएसआर ८, नॉर्मल. मसलचं दुखणं असेल, शेकून घ्या." हिमोग्लोबिन साडेआठ असताना ईएसआर खरं म्हणजे आपोआपच वर जायला हवा. रक्त कमी आणि आकडाही कमी, हे पाहून कुठलाही लॅबवाला दचकेल. मी दचकले नाही. आपल्याकडच्या बाईचं रक्त साडेआठ असलं तर कोण दचकतं? आणि तुझा कागद, तुझं नाव! जगात ज्या एका माणसाचं रक्त वाकडं आहे हे मला माहीत होतं, ते रक्त मी सरळ म्हणून वाचलं. सात वर्षं सगळ्यांना 'दिव्यानी नॉर्मल आहे' सांगत आले. सांगून सांगून शेवटी मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं. तुझा जुना रिपोर्ट माझ्या पेटीत, साड्यांच्या खाली, अजून पाकिटातच आहे.

सोमवारी मला हे लख्ख कळलं. आज गुरुवार, पण तो सोमवार मागच्या आठवड्यातला, मधे एक अख्खा आठवडा गेला. या दहा दिवसांत मी तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत हे लिहिलं नाही. विक्कीभाऊंना फोनवर सांगितलं असतं तर तेव्हाच काम झालं असतं. स्वतःची समजूत घातली की तुझ्याआधी पुन्हा दुसऱ्याला सांगणं बरं नाही. ते निमित्त होतं. मी घाबरले होते. तुझं घर मोडेल म्हणून, आणि तू मला पुन्हा कधी ताई म्हणणार नाहीस म्हणून. त्या दहा दिवसांत तुझा पाय गेला असेल तर तो मी नेला.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या पहिल्या गाडीने मीच घेऊन येते. सोबत तो रिपोर्ट.

नीलिमा

चंद्रपूर, १७ डिसेंबर

दिव्यानी,

मी खाली आहे, दवाखान्याच्या पायऱ्यांजवळ. वर येऊ नको असं तू सांगितलंस, म्हणून येत नाही. विक्कीभाऊ चहाला उतरले की त्यांच्या हाती हे देईन.

शुक्रवारी तू ते पत्र वाचत होतीस आणि मी दारातच चपला घालून उभी होते. वाटलं, पानं फाडशील, किंवा रडशील. तू शेवटचं पान वाचलंस, पहिलं पुन्हा वाचलंस आणि सगळं विक्कीभाऊंच्या हातात दिलंस. "तुमी बी वाचा. यात माया आजार लिवला हाय." मी सात वर्षं जे पेटीत ठेवलं ते तू दहा मिनिटंही ठेवलं नाहीस. मला लाज वाटली, आणि तुझा अभिमानही वाटला. दोन्ही खरं आहे.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "हे फसवनूक हाय. पोट्टी देल्ली का दुखनं देल्लं आमाले?" मी म्हटलं, फसवणूक माझी आहे, तिला काही माहीत नव्हतं. त्या पुढे बोलणार होत्या, पण तुला उभं राहता येईना तेव्हा त्यांनीच आधी धावत येऊन काखेत हात घातला. तेवढ्यावर मी त्यांचं सगळं बोलणं माफ केलं. माफ करणारी मी कोण, ते वेगळं.

तुला खुर्चीत बसवून जिना उतरवताना डाव्या बाजूला मी होते. तू मागे न पाहता म्हणालीस, "तिले सोडाले सांगा." शेजारच्या अजयभाऊंनी माझ्या हातातून खुर्ची घेतली. मी तुझा पट्टा आणि चपला घेऊन मागून आले.

आता इथलं. एमआरआयमध्ये पाठीचे दोन मणके झिजलेले दिसले, नववा आणि दहावा, आणि मध्ये पू. सुईने नमुना घेतला होता, त्याचा रिपोर्ट आज आला. टीबीच आहे, पण नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारा. हे सगळं डॉक्टरांनी तुला सांगितलंच असेल. मी तरीही लिहिते, कारण आता माझ्याकडे असलेलं सगळं तुझ्याकडे असायला हवं. ऑपरेशन नागपूरला करावं लागेल आणि आधी तुला रक्त चढवतील, म्हणजे सिकलच्या पेशींचं प्रमाण कमी होईल.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. विक्कीभाऊ सकाळी आपणहून लॅबच्या खिडकीवर गेले आणि दंड पुढे करून म्हणाले, "माया बी सिकलचा पाहून घ्या." कुणी मागितलं नव्हतं. ते वाहक नाहीत. अडीच वर्षांपूर्वी त्या मांडवात मला एवढंच हवं होतं गं.

मी त्यांना विचारलं, आधी कळलं असतं तर लग्न केलं असतं का? त्यांनी हातातला चहाचा कप फिरवला. "आता हो म्हनाले सोपं हाय, ताई. तवा काय केलं असतं, मले नाई मालूम. पन इचाराले तं पाह्यजे होतं. मलेही, आन् तिलेही." मग कप ठेवून वर गेले.

ते बरोबर बोलले. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि बाबांनी... बघ, घाईत काय लिहिते आहे. आम्ही दोघांनी तुमच्या दोघांचं उत्तर परस्पर देऊन टाकलं होतं.

मी इथेच आहे. काही लागलं तर खिडकीतून रुमाल टाक, हाक मारू नकोस.

नीलिमा

सावली, ९ जानेवारी २०२५

दिव्यानी,

नागपूरच्या पत्त्यावर हे पहिलंच पत्र. ऑपरेशनला सोळा दिवस झाले. मला रजा मिळाली नाही हे निमित्त आहे, तू बोलावलं नाहीस हे खरं कारण.

विक्कीभाऊंनी काल फोनवर तुझे रिपोर्ट वाचून दाखवायला सुरुवात केली. "ताई, ईएसआर सहासष्ट आला. वाढला काऊन?" मी रडायला लागले आणि ते घाबरले. म्हटलं, वाढला नाही, आता खरा दिसला. चढवलेल्या रक्तातल्या पेशी गोल, त्या एकीवर एक चढून खाली बसल्या. तुझ्या अंगात सहासष्टाची आग ऑक्टोबरापासून होती. अनोळखी माणसांच्या रक्ताने ती नळीत दाखवली, सख्ख्या बहिणीने नाही.

बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी दोन दिवस जेवण टाकलं, तिसऱ्या दिवशी खळ्यावर जाऊन बसले. मी जाऊन बरंच बोलले, जास्तच बोलले. ते म्हणाले, "मले वाटलं, पोट्टी सासरी गेली का तिचं दुखनं बी माहेरीच राहीन." मग आईला म्हणाले, "जवसाची चटनी दे मायाजवळ, मी जातो नागपूरले." अजून गेले नाहीत. रोज पिशवी भरतात आणि रोज काढतात. त्यांना तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटते. मला ती भीती ओळखीची आहे, म्हणून मी त्यांना रागे भरणं थांबवलं.

आणि आज पोस्टमन इसरूभाऊंनी ते जाड पाकीट आणलं. माझी चारही पत्रं तू परत पाठवलीस. आधी वाटलं, संपलं. मग शेवटच्या पानाच्या खाली तुझं अक्षर दिसलं, पडून लिहिल्यासारखं, खाली उतरत गेलेलं. "माया रिपोर्ट पह्यले मले."

एवढंच. ताई नाही, नाव नाही.

ती ओळ मी लॅबमध्ये, टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. आज एका बाईचा नवरा तिचा कागद न्यायला आला. मी म्हटलं, त्यांनाच पाठवा. तो चिडला, साहेबांकडे तक्रार करतो म्हणाला. म्हटलं, करा, साहेब डावीकडच्या खोलीत बसतात.

विक्कीभाऊंनाही सांगितलं आहे, तुझे आकडे मला वाचून दाखवायचे नाहीत. तू कळवशील तेवढंच. कालचा सहासष्ट तुझ्याआधी मला कळला असेल तर तोही गुन्हा कबूल.

पाय हलतो का? हे विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारते.

नीलिमा

सावली, २१ मे २०२५

दिव्यानी,

परवा तू आलीस. आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. दवाखान्याच्या फाटकापासून लॅबपर्यंत वॉकर घेऊन चालत आलीस. मी मोजत होते, सदुसष्ट पावलं. डावा पाय थोडा ओढतेस. मागून विक्कीभाऊ आणि त्यांच्या हातात तुझी फाईल, वर प्लास्टिकमध्ये तुझं नवं कार्ड. ते तू माझ्याच टेबलावर ठेवलंस, दसरूने ठेवलं होतं अगदी तिथेच, आणि म्हणालीस, "पाच महिन्याच्या गोळ्या झाल्या. डॉक्टरनं सीआरपी सांगितला हाय."

मी सुई घेतली. तू म्हणालीस, "तू नाई. थे करन." आणि संघप्रियापुढे दंड केलास. ती रक्त घेत होती तोवर तू माझ्याकडेच पाहत होतीस. मी कापूस तरी द्यावा म्हणून पुढे झाले. कापूस तू घेतलास.

तुझा पाय पूर्ण येईल का, हे डॉक्टरांना आज सांगता येत नाही असं विक्कीभाऊ जाताना म्हणाले. मीही तुला काळजी करू नकोस असं लिहिणार नाही. काळजी करण्यासारखं आहे. गोळ्या अजून बरेच महिने चालतील. एकही चुकवू नकोस. पाणी पी, म्हैस म्हणालीस तरी चालेल.

आता सोबतच्या पाकिटाचं.

तुझी तपासणी संघप्रियाने केली. मी तेवढा वेळ बाहेर कडुनिंबाखाली बसले होते. तासभर एका जागी बसणं मला कसं जमलं असेल ते तुला माहीत आहे. सात वेळा उठले. कागद तिनेच घडी केला, तिनेच डिंक लावला, वर नाव लिहिलं, सौ. दिव्यानी विक्की, आणि पोस्टात टाकायला माझ्या हातात दिला. मुद्दामच दिला, तिचा स्वभाव तसा आहे.

पाकीट दिवसभर माझ्या पर्समध्ये होतं. आत एक आकडा आहे. तो सहाच्या आत असेल तर गोळ्या लागू पडत आहेत, वर असेल तर पुन्हा शोधावं लागेल. मी ते उजेडात धरलं नाही. खोटं कशाला, एकदा धरलं. संघप्रियाने आत आणखी एक कोरा कागद घातलाय, काही दिसत नाही.

डिंक तपासून पाहा. कुठेही उकललेला नाही.

आकड्यात काय आहे ते मला माहीत नाही. तुझ्या रक्ताबद्दल तुला माहीत नाही ते मला माहीत असणं आता संपलं. वाचून झालं आणि वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नको सांगूस.

पाकीट फोड.

ताई